गवत गोड केलं तर नदी स्वच्छ होते का?

डिसेंबर २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या संसदेत जीन टेक्नॉलॉजी विधेयक आलं. त्यावरच्या वादात एक नाव सारखं येतं: रायग्रास. म्हणजे तिकडच्या गायी चरतात ते गवत. चिपवरून देश भांडतात हे आपल्याला माहीत आहे, पण गवतावरून? कारण साधं आहे. या देशाच्या हरितगृह वायूंपैकी जवळपास निम्मे शेती आणि गुरांमधून येतात, आणि तिथल्या बहुतेक गायी बारा महिने उघड्या कुरणात चरतात.

आधी गायीच्या पोटात डोकावू. गवतातलं प्रोटीन पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, म्हणजे रुमेनमध्ये, झपाट्याने फुटतं आणि त्याचा अमोनिया होतो. तिथले सूक्ष्मजीव हा अमोनिया वापरून स्वतःचं प्रोटीन बनवतात. पुढे गाय हे सूक्ष्मजीवच पचवते आणि त्यातून दूध होतं. पण सूक्ष्मजीवांना या कामासाठी ऊर्जा लागते, तीही त्याच वेळी. हिरव्यागार कुरणात प्रोटीन भरपूर आणि पटकन मिळणारी साखर कमी. मग उरलेला अमोनिया रक्तात जातो, यकृत त्याचा युरिया करतं आणि तो लघवीतून बाहेर पडतो.

खरी गडबड इथून पुढे आहे. लघवी पडते तेवढ्या जागेत नायट्रोजन इतका साचतो की हेक्टरच्या हिशोबाने तो ६०० किलोच्याही वर जाऊ शकतो. एवढा कुठल्या गवताला झेपणार? काही नायट्रेट बनून पाण्यात झिरपतो, काही नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो. हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७० पट जास्त उष्णता अडवतो.

यावर वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथच्या संशोधकांनी सरळ उपाय काढला: गवतच गोड करायचं. जीन्समध्ये कापाकापी नाही, पिढ्यान्‌पिढ्या निवड करून जास्त साखरेचे वाण तयार केले. 'अ‍ॅबरडार्ट' हा त्यातला गाजलेला. २००१ मध्ये छापून आलेल्या प्रयोगात, दूध कमी होत आलेल्या गायींना हे गवत कापून घातलं. साध्या गवतावर दिवसाला १२.६ किलो दूध होतं, ते १५.३ झालं. खाल्लेल्या नायट्रोजनपैकी ३५ टक्के लघवीत जायचा, तो २५ टक्क्यांवर आला. आकडे भारीच आहेत. पण प्रयोगातल्या गायी मोजक्या होत्या, हे बियाण्याच्या जाहिरातीत कोण सांगणार!

हेच बी न्यूझीलंडमध्ये पेरलं तेव्हा निकाल कधी चांगले, कधी जेमतेम आले. ते का? गवत दिवसा उन्हात साखर बनवतं आणि रात्री श्वसनात खर्च करतं. रात्री थंड असल्या तर साखर शिल्लक राहते, उबदार असल्या तर गोड वाणाचा फायदाही घटतो. शिवाय नुसती साखर किती हे पाहून चालत नाही, साखर आणि प्रोटीन यांचं प्रमाण बघावं लागतं. युरिया जास्त टाकला की गवतात प्रोटीन वाढतं, साखर घटते आणि महागडं बी वाया जातं. न्यूझीलंडने जुलै २०२१ पासून कुरणांवर रासायनिक नायट्रोजनची मर्यादा हेक्टरी वर्षाला १९० किलो केली आहे. माझ्या मते नदीसाठी नव्या बियाण्यापेक्षा हा कंटाळवाणा नियमच जास्त भरवशाचा आहे. मिथेनचं काय, तर साखरेने तो कमी होतो असं ठामपणे म्हणता येत नाही, प्रयोगांचे निकाल मिश्र आहेत.

आता विधेयकाकडे वळू. तिथल्या अ‍ॅगरिसर्च या सरकारी संस्थेने वेगळा रस्ता धरला: जीन्स बदलून पानात साखरेऐवजी चरबी वाढवलेलं रायग्रास. गायीला ऊर्जा जास्त मिळेल आणि मिथेनही कमी होईल, ही आशा. पण घरचे नियम इतके कडक की शेतातल्या चाचण्या अमेरिकेत जाऊन कराव्या लागल्या. विधेयकाचे समर्थक हेच उदाहरण देतात. विरोधक विचारतात, वाऱ्याबरोबर परागकण शेजारच्या कुरणात गेले तर? आणि 'जीएम नसलेलं' दूध मागणारं परदेशी गिऱ्हाईक गेलं तर नुकसान कोण भरून देणार? हा प्रश्न मला हलका वाटत नाही. रायग्रासचं परागीभवन वाऱ्यानेच होतं, आणि दुधाची निर्यात हा त्या देशाचा मोठा धंदा आहे.

आपल्याकडे गणित बरोब्बर उलटं आहे. कडबा आणि उसाचं वाढं यात प्रोटीनच कमी. म्हणून एनडीडीबीने युरिया आणि मळीची चाटण वीट आणली: युरियातून नायट्रोजन, मळीतून साखर, दोन्ही एकाच वेळी रुमेनमध्ये. तत्त्व अ‍ॅबरिस्टविथचंच. रायग्रास मात्र थंड हवेचं गवत आहे, मराठवाड्याच्या मे महिन्यात ते तग धरणार नाही. तेव्हा घरी गायी असतील आणि एखाद्या रीलमध्ये 'दूध वाढवणारं परदेशी गोड गवत' दिसलं, तर ऑर्डर करण्याआधी एवढंच विचारा की चाचणी कुठल्या गावात झाली आणि तिथे रात्री तापमान किती होतं.