लढायला निघालेल्या मुलीला नर्सिंग का सुचवता?

केडगावच्या परिसरात मुलींच्या गटांबरोबर काम करताना एक प्रश्न मला वारंवार ऐकू येतो. "ताई, मला सैन्यात जायचंय, पण टेबलावरचं काम नको. कुठं जाऊ?" मोठ्या माणसांचे उत्तर ठरलेले असते. नर्सिंग कर, मुलीला शोभतं.

नर्सिंगला कमी लेखायचे नाही. पण विचारले एक आणि सांगितले भलतेच, असे का? पंडिता रमाबाईंनी १८८२ साली हंटर आयोगापुढे स्त्री डॉक्टरांची मागणी केली, तेव्हा तीही लोकांना अचाट वाटली होती. आज रमाबाईंच्याच केडगावात दवाखाना 'बायकांना शोभणारा' ठरला आहे. कुंपण मोडले नाही, थोडे पुढे सरकले इतकेच.

म्हणून मुलींना नीट माहिती देऊ या. लष्करात पायदळ आणि रणगाडा दल स्त्रियांना आजही बंद आहे. तोफखाना २०२३ साली उघडला, पण अधिकाऱ्यांसाठी. अग्निवीर मुलीला लष्करात फक्त लष्करी पोलीस दल आहे. त्यातली ८३ जणींची पहिली तुकडी २०२१ साली बाहेर पडली. हवाई दलात २०१६ पासून स्त्रिया लढाऊ विमाने चालवतात. नौदलात त्या युद्धनौकांवर आहेत आणि तिथे अग्निवीर म्हणूनही मुलींना घेतात. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. प्रत्यक्ष मोहिमेवर जायचे असेल, तर नौदल आणि हवाई दल यांचा विचार आधी करावा, असे मी सांगते.

यातले काहीही कुणी खुशीने दिलेले नाही. प्रबोधिनीचे दार २०२१ साली न्यायालयाच्या आदेशाने उघडले. २०२० साली कायम नेमणुकीच्या खटल्यात सरकारने सर्वोच्च न्यायालयाला सांगितले, की जवान बहुतांशी ग्रामीण भागातले, स्त्रीचा हुकूम मानायला त्यांच्या मनाची तयारी नाही. म्हणजे आपल्या गावच्या भावांच्या नावावर आपल्याच गावच्या बहिणींना अडवायचे! न्यायालयाने हे मानले नाही. आपण तरी का मानावे?

पण खरी निवड दिल्लीत होतच नाही. ती दहावीनंतर घरात होते. प्रबोधिनीतून नौदलात किंवा हवाई दलात जायला बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. विज्ञान शाखेचे कॉलेज लांब, एसटीची वेळ गैरसोयीची, क्लासची फी भावासाठी राखलेली. मग मुलीला कला शाखेत घातले जाते. तिच्या पुढ्यातले जहाज आणि विमान तिथेच गेले. अग्निवीर अविवाहित लागतो, आणि साडेसतरा हे भरतीचे वय लागते न लागते तोच घरात स्थळे येऊ लागतात.

काही मैत्रिणी विचारतील, युद्धाला विरोध करणाऱ्या चळवळीने हे कशाला बोलायचे? २००४ साली मणिपूरच्या आया निर्वस्त्र होऊन लष्करी तळापुढे उभ्या राहिल्या, ते आपण विसरायचे का? मुळीच नाही. लष्कराला जाब विचारायचाच. पण त्याची किंमत शेतकऱ्याच्या मुलीने का मोजावी? भाऊ भरतीला निघाला तर पेढे, बहीण निघाली तर शांततेचे प्रवचन, हा न्याय मला मान्य नाही.

मुलांसाठी पूर्वतयारी संस्था राज्याने १९७७ साली काढली. मुलींची नाशिकला २०२३ साली निघाली. आता प्रत्येक गटाने दहावीच्या निकालाआधी मुलींची आणि आईबापांची बैठक घ्यावी, ही माहिती मांडावी, सकाळी धावायला सुरक्षित मैदान ग्रामपंचायतीकडे मागावे. जायचे की नाही, ते तीच ठरवील. पण सगळी दारे दाखवल्यावर.