जबाबदारी सिस्टरची, अधिकार कोणाचा?

बरेच दिवस काही खरडलं नव्हतं. रिलीज चालू होता, तीन-चार वीकएंड ऑफिसातच गेले. या शनिवारी मस्त ताणून द्यायचा बेत होता, तेवढ्यात ताईचा फोन. ताई म्हणजे माझी आतेबहीण, नगरला एका खाजगी हॉस्पिटलात आयसीयूची सिस्टर. (सरकारी कागदावर आता अहिल्यानगर. आमच्या तोंडी अजून नगरच बसलंय, सांभाळून घ्या.)

"अरे, एक फॉर्म भरून दे ना. मोबाईलवरून फोटोच अपलोड होत नाहीये."

फॉर्म होता 'नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर' या पदव्युत्तर कोर्सचा. मी टिपिकल आयटीवाल्यासारखं पहिलं काय विचारावं? "पगार किती वाढेल?"

ताई हसली. "वाढेल की नाही काय माहीत. असं पदच नाही रे आपल्याकडे."

म्हणलं, एक मिनिट. दोन वर्षं शिकायचं, त्यासाठी चालू नोकरी सोडायची, आणि बाहेर पडल्यावर त्या नावाची खुर्चीच नाही? मग सरकारने कोर्स काढला कशाला? फॉर्म राहिला बाजूला, रविवारची दुपार हेच वाचण्यात गेली. डोकं फिरलंय, म्हणून हे लिहितोय.

आधी कोर्स काय आहे ते सांगतो. 2016-17 च्या सुमारास केंद्रीय आरोग्य मंत्रालय आणि भारतीय नर्सिंग परिषदेने तो आणला. बीएस्सी नर्सिंग हवं, नर्स म्हणून नोंदणी हवी, किमान एक वर्षाचा अनुभव हवा. पुढे दोन वर्षं रेसिडेन्सी, म्हणजे बराचसा वेळ वर्गात नाही, आयसीयूतच. प्रगत शरीरविकृतिशास्त्र, प्रगत औषधशास्त्र, पेशंटची तपासणी कशी करायची, आणि मग नुसतं क्रिटिकल केअर. शिकून बाहेर पडलेल्या नर्सने ठरवून दिलेल्या प्रोटोकॉलच्या चौकटीत स्वतः निर्णय घ्यावेत, तपासण्या सांगाव्यात, औषधं सुरू करावीत, अशी कल्पना. कागदावर झकास आहे.

आता ताईचा हिशोब बघा. जीएनएम साडेतीन वर्षं. मग पोस्ट बेसिक बीएस्सी दोन वर्षं. आता हे दोन. साडेसात वर्षं शिक्षण झालं, मधली नोकरी वेगळीच. एमबीबीएस इंटर्नशिपसकट साडेपाच वर्षांत होतं. तुलना बरोबरीची नाही हे मलाही कळतं, अभ्यासक्रम वेगळा, खोली वेगळी. पण साडेसात वर्षं शिकलेल्या बाईला आपण "सिस्टर, जरा पाणी द्या" यापलीकडे काही विचारत नाही, हे काही केल्या गळी उतरत नाही.

सरकारी शिडी तर आणखी मजेशीर. अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका. वर चढायचं ते मुख्यतः किती वर्षं काढली यावर. या शिडीला 'क्रिटिकल केअर' नावाची पायरीच नाही. आज आयसीयूत, पुढच्या रोटेशनला बाळंतपणाच्या वॉर्डात, नंतर ओपीडीत. आपल्याकडे डेटाबेसवाल्याला सहा महिने डेटाबेस, मग सहा महिने रिसेप्शन, मग कँटीन असं फिरवलं तर तो तिसऱ्या दिवशी नोकरीच्या साइटवर रेझ्युमे टाकेल.

आता मुद्द्यावर येतो.

6 नोव्हेंबर 2021. शनिवार, भाऊबीज. नगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या कोविड आयसीयूला सकाळी आग लागली. आत 17 पेशंट होते. 11 जण गेले. नगरमध्ये त्या दिवशी ओवाळणीची ताटं तशीच राहिलेली घरं होती, हे आमच्यासारख्यांना कुणी सांगायला नको. जिल्हा शल्यचिकित्सकांसह काही जण निलंबित झाले, दोन परिचारिकांची सेवा संपवली, आणि 9 तारखेला पोलिसांनी अटक केली ती एक महिला डॉक्टर आणि तीन परिचारिकांना. त्याच वर्षी 9 जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागून 10 बाळं गेली होती. तिथेही पुढे गुन्हा दाखल झाला तो दोन नर्सेसवर.

कोण दोषी, ते ठरवायला कोर्ट आहे, मी नाही. कोणाच्या हातून काय चुकलं त्यात मी पडत नाही. मला फक्त एक गोष्ट खटकते. आयसीयूत अनर्थ झाला की नर्स ही त्या खोलीची जबाबदार व्यक्ती ठरते, नावानिशी, कलम लावून. पण त्याच खोलीसाठी खास शिक्षण घेतलेली तज्ज्ञ म्हणून ती कोणत्याही यादीत नसते. अटकेच्या वेळी जबाबदार, पदाच्या वेळी मदतनीस. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शन सर्व्हर पडला की शिव्या तुला, पण अॅडमिन राइट्स मागितलेस तर "तुला कशाला हवेत?"

आणि आयसीयूची नर्स नेमकं करते काय? मलाही कालपर्यंत नीट माहीत नव्हतं. ताईला विचारलं तर ती अर्धा तास बोलली. व्हेंटिलेटरचा प्रेशरचा अलार्म वाजला की कारणं डझनभर. नळीत कफ अडकला, पेशंटने नळी चावली, नळी वाकली, नाहीतर फुफ्फुसाभोवती हवा साठली. पहिली तीन ती तिथल्या तिथे सोडवू शकते. चौथं ओळखायला उशीर झाला तर पेशंट हातचा जातो. बीपी धरून ठेवणाऱ्या औषधाची सिरिंज बदलताना काही सेकंदांची फट पडली तरी बीपी कोसळतं. पेशंटचं डोकं तीस ते पंचेचाळीस अंश वर ठेवणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, तोंडाची स्वच्छता... ऐकायला किरकोळ, पण न्यूमोनिया आणि पाठीच्या जखमा यांनीच टळतात. आगीच्या वेळी तर व्हेंटिलेटरवरचा पेशंट हलवायचा म्हणजे एकीने अंबू बॅग दाबत राहायचं, दुसरीने सिलिंडर, तिसरीने औषधांचे पंप. एका पेशंटला तीन माणसं. हे ऐन वेळी सुचत नाही, आधी घोटून घ्यावं लागतं.

माणसांचंच निघालंय तर हेही. स्टाफ इन्स्पेक्शन युनिटचं जुनं प्रमाण म्हणतं, आयसीयूत एका पेशंटला एक नर्स, वर रजेसाठी जादा. 17 बेडचा आयसीयू धरा. पाळीला 17, तीन पाळ्यांना 51, रजेचे वेगळेच. तुमचा नातेवाईक शेवटचा आयसीयूत होता तेव्हा पाळीला किती सिस्टर दिसल्या, आठवा.

"शिक्षणाने एवढा काय फरक पडतो, अनुभव महत्त्वाचा," हे वाक्य नेहमी येतं. लिंडा एकन आणि सहकाऱ्यांचा 2014 चा लॅन्सेटमधला अभ्यास बघा. युरोपातले 9 देश, 300 हॉस्पिटलं, शस्त्रक्रिया झालेले 4 लाखांहून जास्त पेशंट. नर्सेसमध्ये पदवीधरांचं प्रमाण 10 टक्क्यांनी वाढलं की 30 दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी कमी. आणि प्रत्येक नर्सवर एक पेशंट वाढला की तीच शक्यता 7 टक्क्यांनी जास्त. एकातून दुसरं सिद्ध होत नाही वगैरे मान्य, आम्हीही थोडं स्टॅटिस्टिक्स शिकलोय :) पण खर्च कुठे करायचा हे ठरवायला एवढं पुरे आहे.

आपण खर्च कुठे केला? 2020 मध्ये पीएम केअर्समधून 2000 कोटी, 50,000 व्हेंटिलेटर. यंत्रं हवीच होती, वाद नाही. पण ते चालवायला रात्री तीन वाजता शेजारी कोण उभं राहणार, यासाठी तेवढ्याच धडाक्याने जाहीर केलेला आकडा मला तरी आठवत नाही. हार्डवेअर घ्यायचं आणि माणसाला फक्त मॅन्युअल द्यायचं, ही खोड आपल्या क्षेत्रातही आहे म्हणा.

डॉक्टर मित्र म्हणतील, अर्धवट डॉक्टर तयार होतील. मी उलट विचारतो. छोट्या शहरातल्या खाजगी आयसीयूत रात्रपाळीला कोण डॉक्टर असतो, त्याचं शिक्षण कोणत्या पॅथीचं, आणि क्रिटिकल केअरचं त्याने काय शिकलंय, हे पुढच्या वेळी विचारून पाहा. बीएएमएस, बीएचएमएस झालेल्या पोरांना तिथे उभं करताना ही शंका येत नाही. दोन वर्षं फक्त हेच शिकलेली नर्स म्हटली की मात्र येते. गंमत आहे.

दुसरा आक्षेप, "शिकून परदेशी जातात." जातात ना! जिथे त्या शिक्षणाची खुर्ची आहे तिथे जातात. आमच्या बॅचचे निम्मे गेले, त्यांना कुणी देशद्रोही म्हणालं नाही.

नर्सेसच्या संघटनांनाही एक सांगायचंय, रागावू नका. शिकलेल्या ज्युनियरला वरचं पद मिळेल म्हणून सेवाज्येष्ठतेला कवटाळून बसलात तर सरकारला आयतं कारण मिळतं.

आणि हे सगळं ज्या जिल्ह्यात, त्याच जिल्ह्यात जामखेड आहे. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे काम सुरू केलं, आणि अक्षरओळखही नसलेल्या कित्येक बायकांना बाळंतपणापासून आजार ओळखण्यापर्यंत शिकवलं. पुन्हा पुन्हा शिकवलं आणि मग त्यांच्यावर विश्वास टाकला. 1979 ला मॅगसेसे मिळालं. तेव्हा न शिकलेल्या बाईवर विश्वास टाकता आला, आज साडेसात वर्षं शिकलेल्या बाईवर टाकता येत नाही?

क्षेत्रफळाने राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा, चौदा तालुके. अकोल्याहून, जामखेडहून पेशंट नगरला आणायचा तर रस्त्यातच जीव टांगणीला. जिल्ह्यात लोणीला प्रवरेचं, विळद घाटात विखे पाटलांचं नर्सिंग कॉलेज आहे, दोन्हीकडे एमएस्सीपर्यंत शिकता येतं. म्हणजे शिकवणारे आहेत, शिकणाऱ्या आहेत. नाही तो एक शासन निर्णय. क्रिटिकल केअर नर्सचं वेगळं पद, त्याची वेगळी वेतनश्रेणी, आयसीयूतून रोटेशन बंद, आणि तिला काय करायचा अधिकार आहे याची लेखी यादी. ही यादी असती तर चौकशीच्या वेळी तिचं काम कुठे संपतं आणि इमारतवाल्यांचं कुठे सुरू होतं, हेही कागदावर असतं.

असो. रात्री फॉर्म भरायला घेतला. आत्या मागून म्हणत होत्या, "पोरीचं वय एकतीस झालं, अजून किती शिकणार?" मामांनी (ताईचे सासरे) मात्र फीचे पैसे काढून ठेवलेत. फोटो अपलोड झाला, सही झाली. शेवटी अनुभवाचा दाखला राहिला. ताईने व्हॉट्सअॅपवर पाठवला. सहा वर्षं आयसीयूत काढलेल्या बाईचा दाखला, आणि त्यावर दोनच ओळी. 'स्टाफ नर्स म्हणून काम केले. वर्तणूक समाधानकारक.' आयसीयू हा शब्द कुठेच नाही. सोमवारी ती ऑफिसात जाऊन दुसरा मागणार आहे. शेवटची तारीख शुक्रवार.