एमआरआय किती टेस्लाचा, एवढे विचारून भागत नाही

शिरूर किंवा दौंडच्या रुग्णाला मानेचा वा कमरेचा एमआरआय सांगितला की घरात पहिला प्रश्न खर्चाचा निघतो आणि दुसरा यंत्राचा. 'तीन टेस्लावरच काढा, चित्र स्वच्छ येते,' असे सांगणारा कोणी ना कोणी भेटतोच. मग पुण्याची वाट धरली जाते. रुग्णाचा दिवस जातो, सोबतच्या माणसाची मजुरी बुडते. हा सल्ला अर्धाच खरा आहे. उरलेला अर्धा भाग 'कॉइल' नावाच्या सुट्या भागावर अवलंबून असतो आणि त्याविषयी सहसा कोणी विचारत नाही.

टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचे माप. चुंबकात झोपलेल्या माणसाच्या शरीरातील हायड्रोजनची अणुकेंद्रे रेडिओलहरी शोषतात आणि परत सोडतात. दीड टेस्लाला या लहरींची वारंवारता सुमारे ६४ मेगाहर्ट्झ असते, तीन टेस्लाला १२८. घरातला एफएम रेडिओ ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे हा त्याच्याच शेजारचा पट्टा. शरीराकडून परत येणारा संदेश मात्र अतिशय क्षीण असतो. तो पकडणारा अँटेना म्हणजे कॉइल.

लहान कॉइल जवळचे नीट ऐकते आणि बाकीच्या शरीराची खरखर कमी उचलते, पण तिला खोलवरचे ऐकू येत नाही. मोठ्या कॉइलचे याच्या उलट. म्हणून अनेक लहान कॉइल शेजारी शेजारी मांडून त्यांचे संदेश एकत्र करण्याची पद्धत १९९० मध्ये पुढे आली. शिरूरच्या वायव्येला, जुन्नर तालुक्यातल्या खोडदची रेडिओ दुर्बीणही ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांचे संदेश असेच एकत्र जुळवते.

मज्जारज्जूच्या बाबतीत ही निवड अधिक अवघड होते. तो जेमतेम करंगळीएवढा जाड, हाडांच्या नळीत खोल बसलेला. भोवतीचे पाणी हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला हलते आणि छातीच्या भागात फुफ्फुसांतील हवा चुंबकीय क्षेत्र बिघडवते. चुंबक जितका ताकदवान, तितका हा बिघाड जास्त. मणक्यात सळ्या-स्क्रू बसवलेल्या रुग्णाला तर अनेकदा तीनपेक्षा दीड टेस्लाच बरा पडतो, कारण धातूमुळे चित्रात पडणारे डाग तिथे कमी असतात.

संशोधनासाठी आता सात टेस्लाची यंत्रे आहेत. अमेरिकेत २०१७ मध्ये अशा यंत्राला रुग्णांसाठी परवानगी मिळाली, ती डोके आणि हातापायांपुरती. पाठीचा कणा त्यात नव्हता. सात टेस्लाला शरीरातील लहरीची लांबी १२-१३ सेंटिमीटरवर येते, त्यामुळे एका भागात लख्ख उजेड आणि दुसऱ्यात अंधार असे चित्र दिसते. शिवाय या यंत्रात लहरी सोडणारी मोठी कॉइल सहसा नसते. मानेला लावलेल्या कॉइललाच लहरी सोडाव्या आणि पकडाव्याही लागतात. म्हणून तिथे कॉइलची तुलना तीन कसोट्यांवर होते. संदेश खरखरीच्या किती वर उठतो, मज्जारज्जूच्या पूर्ण लांबीत चित्र किती एकसारखे येते आणि ऊती किती तापतात.

तालुक्यासाठी यंत्र घेतानाही पहिल्या दोन कसोट्या लागू पडतात. मुंबईच्या 'समीर' या केंद्र सरकारच्या संस्थेने देशी बनावटीच्या दीड टेस्ला एमआरआयसाठी मार्च २०२५ मध्ये दिल्लीच्या एम्सशी करार केला. देशी यंत्राने किंमत उतरेल, ही अपेक्षा रास्त आहे. पण निविदेत केवळ टेस्लाचा आकडा लिहून चालणार नाही. मान आणि पाठ यांसाठी वेगळ्या कॉइल, त्यांची नियमित तपासणी आणि दुरुस्तीचा करार हेही लिहिले गेले पाहिजे. रोज काढता-घालताना कॉइलच्या वायरी आणि जोडण्या झिजतात. एक भाग बंद पडला तरी यंत्र चालूच राहते, फक्त चित्राचा तेवढा पट्टा काळवंडतो. रुग्णाला पुन्हा बोलवावे लागते किंवा दाब पडलेली जागा नजरेतून सुटते.

दौंड-शिरूरच्या बहुतेक रुग्णांसाठी चांगली कॉइल आणि ती नीट लावणारा तंत्रज्ञ असलेले जवळचे दीड टेस्लाचे यंत्र पुरेसे आहे. सदऱ्याची बटणे लावता न येणे, चालताना तोल जाणे ही मानेतील मज्जारज्जूवर दाब आल्याची लक्षणे असू शकतात. पाय अचानक लुळे पडले किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अशा वेळी मोठ्या टेस्लाच्या शोधात घालवलेले तास मज्जारज्जूला परवडत नाहीत.