घर सोडताना मालकाचा दाखला

जून जवळ आला की मंडळाकडे एकाच प्रकारचे फोन येऊ लागतात. मुलगा बेंगळुरूची नोकरी सोडून पुण्याला चालला आहे, खोली मिळत नाही, तिकडे कोणी ओळखीचे आहे का? अलीकडे त्यात एक भर पडली आहे. काही एजंट आणि सोसायट्या आधीच्या घरमालकाचे पत्र किंवा निदान फोन नंबर मागतात. नंबर असतो, पत्र नसते.

आपल्याकडे असा कागद कधी लागलाच नाही. हळ्ळीखेड (बी)ला खोली हवी असेल तर 'कुणाचा रे तू?' एवढा एक प्रश्न पुरतो. आजोबांचे नाव सांगितले की भाडे ठरते. ही रीत आम्हाला प्रिय आहे, पण तिच्यात जात, धर्म, भाषा सगळे आलेच. ज्याचे उत्तर मालकाला सोयीचे नसते, त्याच्यासाठी खोली 'कालच गेलेली' असते. शहरात हाच प्रश्न आडनावावरून सोडवतात. म्हणून पत्र मागण्याला आम्ही नावे ठेवणार नाही. दोन वर्षे वेळेवर भाडे भरल्याचे ज्याच्या हातात लेखी आहे, त्याच्याबद्दल मालकाला आडनावापलीकडे काहीतरी कळते.

अडचण दोन राज्यांच्या दोन रीतींची आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेकरार नोंदवावा लागतो, म्हणून बेंगळुरूत अकरा महिन्यांचा करार स्टॅम्प पेपरवर होतो आणि बहुधा कपाटात पडून राहतो. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक केले आहे, आणि जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. साहजिकच पुण्याच्या एजंटाला आपल्या मुलाचा कागद कच्चा वाटतो. त्यात गावाच्या नावातला (बी) म्हणजे काय, हेही समजावून सांगावे लागते!

खरी गाठ मात्र अनामत रकमेची आहे. जो दाखला देणार, त्याच्याच हातात आपले पैसे. बेंगळुरूत दहा-दहा महिन्यांचा अ‍ॅडव्हान्स घेण्याची प्रथा होती. केंद्राने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा सुचवली आहे. पण राज्याने स्वीकारल्याशिवाय ती लागू होत नाही. रंगकामाच्या नावाखाली मोठी रक्कम कापली गेली तरी 'पुढे वाईट सांगेल' या भीतीने मुले गप्प बसतात. दाखल्याची पद्धत रुजली आणि अनामतीचा प्रश्न तसाच राहिला, तर ही भीती वाढेलच. इंग्लंडमध्ये मागच्या मालकाचा रेफरन्स मागण्याची पद्धत जुनी आहे, आणि भारतातून नव्याने गेलेल्यांना तो नसल्यामुळे जामीनदार शोधत फिरावे लागते. तो दिवस इथे यायला नको.

तेव्हा पत्र शेवटच्या दिवशी, किल्ली देताना मागू नये. नोटीस देतानाच मागावे. त्यात पत्ता, कधीपासून कधीपर्यंत, भाडे किती, वेळेवर आले का, लाइटबिल चुकते आहे का, घर कोणत्या स्थितीत सोडले, एवढे पुरे. 'चांगल्या घरातला', 'शाकाहारी' असले शेरे नकोत. मालक देतच नसेल तर करार, भाड्याच्या पावत्या आणि बँकेतल्या नोंदी जपून ठेवाव्यात. रोख भाडे देणाऱ्याकडे यातले काहीच उरत नाही.

आणि आपणही मालक आहोत. बीदर-हुमनाबादला आपल्यापैकी कितीतरी जणांच्या खोल्यांत शिक्षक, बँकेतले लोक राहतात. आम्हीही आजवर कुणाला असे पत्र दिले नव्हते. गेल्या महिन्यात बदली झालेल्या एका बाईंनी मागितले, तेव्हा ते कोणत्या भाषेत लिहावे यावरच अर्धा तास गेला. शेवटी कन्नडमध्ये लिहिले, खाली तेच इंग्रजीत उतरवले, आणि अनामत त्याच दिवशी परत दिली.