घरात एक कोपरा अवजारांचा



आपल्या घरात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते. पुस्तके फळीवर, भांडी स्वयंपाकघरात, चपला दाराशी. अम्मी जानमाज घडी घालून रोज एकाच ठिकाणी ठेवते. पण तुमच्या घरातील हातोडी कुठे आहे? पाना कुठे आहे? बहुतेक घरांत या प्रश्नाचे उत्तर लगेच मिळत नाही. हातोडी पलंगाखाली सापडते, पक्कड माळ्यावर सापडते आणि पेचकस तर सापडतच नाही. म्हणून माझे असे मत आहे, की ज्या घरात सायकल आहे, त्या घरात अवजारांसाठी एक कोपरा असलाच पाहिजे. आणि सायकलची लहानसहान दुरुस्ती घरातल्या मुलामुलींनी स्वतः केली पाहिजे.

तुम्ही म्हणाल, “आमचे घर दोन खोल्यांचे. तिथे कारखाना कसा काढायचा?” पण कारखाना काढायला कोण सांगतो? जिन्याखालची जागा पुरते. व्हरांड्याचा कोपरा पुरतो. चाळीत राहत असाल, तर एक पत्र्याची पेटी आणि भिंतीवर चार खिळे एवढेही पुरे. जागेपेक्षा शिस्त महत्त्वाची. काम झाले, की अवजार पुसायचे आणि त्याच खिळ्याला अडकवायचे. भिंतीवर प्रत्येक अवजाराभोवती खडूने रेघ ओढून ठेवा. मग कोणते अवजार परत आले नाही, ते पाहताक्षणी कळते.

अवजारेही फार लागत नाहीत. सायकलचा पाना, एक पेचकस, एक पक्कड, लहान हातोडी, टायर काढायच्या दोन पट्ट्या, हवा भरायचा पंप, पंक्चरचे ठिगळ, सोल्युशनची नळी, पॉलिश पेपरचा तुकडा, तेलाची लहान डबी आणि जुने सुती कापड. ही सगळी एका दिवसात विकत घेऊ नयेत. आधी पंप घ्या. पुढच्या महिन्यात पाना घ्या. थेंबे थेंबे तळे साचे, हे तुम्ही वाचले आहेच.

आता कामाकडे वळू. सायकल हे फार प्रामाणिक यंत्र आहे. तिचे बहुतेक भाग उघडे असतात. पेडल फिरवले, की पुढचे दातेरी चक्र साखळी ओढते आणि साखळी मागचे चक्र फिरवते. पुढच्या चक्राला ४८ दाते आणि मागच्या चक्राला १६ दाते असतील, तर पेडलच्या एका फेरीत मागचे चाक तीन फेऱ्या मारते. तुमच्या सायकलचे दाते मोजा आणि हे गणित स्वतः करून पाहा. चाकाच्या तुंब्यात पोलादी छर्रे असतात. ते घर्षण कमी करतात. विज्ञानाच्या पुस्तकातील घर्षणाचा धडा तिथे हाताला लागतो.

सर्वांत नेहमीचे काम म्हणजे पंक्चर. आपल्याकडे बाभळीचा एक काटा त्याला पुरतो. चाकातून ट्यूब काढा, तिच्यात थोडी हवा भरा आणि ती पाण्याच्या घमेल्यात थोडी थोडी बुडवत फिरवा. जिथून बुडबुडे येतील, तिथे छिद्र आहे. त्या जागी खूण करा. ट्यूब चांगली कोरडी करा आणि ती जागा पॉलिश पेपरने घासा. मग सोल्युशन पातळ पसरा आणि काही मिनिटे थांबा. इथेच घाई होते. सोल्युशन ओले असतानाच ठिगळ लावले, तर ते सुटते. ते जरा सुकून चिकट झाले, की ठिगळ दाबून बसवा. ट्यूब परत घालण्यापूर्वी टायरच्या आतून जपून बोट फिरवा. काटा आतच राहिला असेल, तर तुमची सारी मेहनत घरापासून कोपऱ्यापर्यंतही टिकणार नाही!

साखळीला तेल लागते, पण तेलात न्हाऊ घालू नका. आधी कोरड्या कापडाने धूळ पुसा. प्रत्येक सांध्यावर एक एक थेंब सोडा, पेडल उलटे फिरवा आणि वरचे तेल पुसून टाका. जास्त तेलाला धूळ चिकटते आणि ती धूळ साखळी झिजवते. खोबरेल तेल वापरू नका, ते थंडीत गोठते. शिलाई यंत्राचे पातळ तेल चालते. मात्र चाकाच्या कडेवर, जिथे ब्रेकचे रबर टेकते, तिथे तेलाचा थेंबही पडता कामा नये.

ब्रेकची परीक्षा सोपी आहे. ब्रेक दाबून धरा आणि सायकल पुढे ढकला. चाक फिरले, तर ब्रेक ढिला आहे किंवा रबर झिजले आहे. अशा सायकलवर बसू नका. उतारावर समोर लहान मूल आले, तर ढिला ब्रेक आपल्याला क्षमा करत नाही. एक गंमतही लक्षात ठेवा. सायकलच्या डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. इतर नट जसे सोडवतो, तसे ते सोडवायला गेलात, तर ते अधिकच घट्ट होते. तिथे जोर लावून उपयोग नाही, माहिती हवी.

काम करताना काळजीही घ्या. साखळी फिरत असताना तिच्याजवळ बोट नेऊ नका. सोल्युशन लवकर पेट घेते, म्हणून ते चुलीपासून आणि दिव्यापासून दूर ठेवा. छर्रे आणि नट उघड्यावर सोडू नका. लहान भावंडे ते तोंडात घालतात.

काही लोक म्हणतात, “मुलांनी अभ्यास करावा, हात काळे का करावेत?” हा विचार मला मुळीच पटत नाही. डॉ. झाकिर हुसैन यांचे नाव तुम्हांला माहीत आहे. ते १९६७ साली भारताचे राष्ट्रपती झाले. त्याआधी, १९३७ साली, महात्मा गांधींच्या पुढाकाराने वर्धा येथे शिक्षण परिषद भरली. तिथे नव्या शिक्षणाचा आराखडा करण्यासाठी समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष झाकिर हुसैन होते. मुलांनी हाताच्या कामातून शिकावे, हा त्या शिक्षणाचा पाया होता. जामिया मिल्लियाचा कारभार पाहणारा एवढा मोठा विद्वान हाताच्या कामाला हलके मानत नव्हता. मग आपण का मानावे?

दुसरे उदाहरण अमेरिकेतील राइट बंधूंचे. डेटन या गावी त्यांचे सायकलचे दुकान होते. ते सायकली दुरुस्त करत आणि पुढे स्वतः बनवूही लागले. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे विमान उडाले. त्या विमानाचे पंखे फिरवायला त्यांनी साखळी आणि दातेरी चक्रेच वापरली होती. ज्या हातांनी सायकलची साखळी बसवली, त्याच हातांनी माणसाला आकाशात नेले.

आणखी एक शंका रास्त आहे. सगळ्यांनी घरीच दुरुस्ती केली, तर नाक्यावरच्या सायकल मिस्त्रीचे पोट कसे भरेल? याचे उत्तर असे, की सगळी कामे घरी करायचीच नाहीत. वाकडे चाक सरळ करणे, आरे बदलणे, सांगाड्याला डाग देणे ही कामे वर्षांच्या अनुभवाची आहेत. ती त्यांच्याकडेच न्यावीत. उलट, स्वतः एक पंक्चर काढल्यावर त्यांच्या श्रमाची किंमत कळते. मग “एवढे कसले पैसे, चाचा?” असे म्हणायला जीभ वळत नाही. मालेगाव आणि भिवंडी ही यंत्रमागाची गावे. माग बंद पडला, की घरची कमाई थांबते आणि मिस्त्रीची वाट पाहावी लागते. त्या गावांतील मुलांना कुशल हाताची किंमत मी वेगळी सांगायला नको.

आता मुलींविषयी. पेटी उघडली, की भाईजानला हाक मारायची आणि आपण बाजूला उभे राहायचे, ही सवय सोडा. तामिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या काही वर्षांत साक्षरतेच्या मोहिमेबरोबर हजारो स्त्रिया सायकल शिकल्या. बसची वाट न पाहता त्या कामाला आणि बाजाराला जाऊ लागल्या. बिहारमध्ये २००६ साली नववीच्या मुलींसाठी सायकलची योजना सुरू झाली, कारण शाळा दूर होती. पण विचार करा. सायकल मिळाली आणि आठ दिवसांत टायर बसला. भाईजान कामावर, अब्बा गावाला. मग त्या मुलीची शाळाही बसणार का? सायकल चालवायला शिकणे हे अर्धे स्वातंत्र्य आहे. ती दुरुस्त करायला शिकल्यावर ते पूर्ण होते. म्हणून आपा, पाना तुमच्याही हातात हवा.

शेवटी एक गोष्ट सांगतो. ‘दुरुस्ती’, ‘कारागीर’, ‘कारखाना’, ‘अवजार’ हे मराठी शब्द तुम्हांला परके वाटले नसतील. उर्दूतले ‘दुरुस्त’, ‘कारीगर’, ‘कारख़ाना’, ‘औज़ार’ हेच ते. फारसीतून ते दोन्ही भाषांत आले आणि दोन्हीकडे घरचे झाले. कारागिरांबरोबर त्यांचे शब्दही गावोगाव फिरतात.

तेव्हा या रविवारी घरात एक कोपरा शोधा. तो झाडून घ्या. भिंतीवर चार खिळे ठोका. पलंगाखालची हातोडी आणि माळ्यावरची पक्कड तिथे आणून लावा. मग सायकल उलटी करून तिच्यापुढे बसा. पहिल्या दिवशी नुसती साखळी पुसलीत, तरी चालेल.