विजयानंतर काय? परराष्ट्र धोरणातील संयमाचा हिशेब

पहलगाम येथे २२ एप्रिल २०२५ रोजी झालेल्या दहशतवादी हल्ल्यानंतर भारताने ७ मे रोजी ‘ऑपरेशन सिंदूर’ हाती घेतले आणि १० मे रोजी लष्करी कारवाई थांबली. ती इतक्या लवकर का थांबवली, हा प्रश्न त्या वेळी अनेकांनी विचारला. संयम हे दुर्बलतेचे लक्षण आहे की सामर्थ्याचे, हा वाद आपल्याकडे नवा नाही. सव्वादोनशे वर्षांपूर्वी पुणे दरबारापुढेही हाच पेच उभा होता, आणि त्याची एक खूण बेंगळुरूच्या चामराजपेट भागात आजही पाहावयास मिळते.

ही खूण म्हणजे टिपू सुलतानचा लाकडी बांधणीचा उन्हाळी राजवाडा. हैदर अलीने १७८१ मध्ये सुरू केलेले त्याचे बांधकाम टिपूच्या काळात १७९१ मध्ये पूर्ण झाले. त्याच वर्षी, २१ मार्चच्या रात्री, लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या फौजेने बेंगळुरूचा किल्ला जिंकला. इंग्रजांच्या बाजूने या युद्धात निजाम होता आणि मराठेही होते.

पुणे दरबाराची निकड

मराठे या युतीत सामील झाले, त्याला सबळ कारणे होती. टिपूने १७८५ मध्ये नरगुंद आणि कित्तूर घेतले होते. १७८७ च्या गजेंद्रगडच्या तहाने युद्ध थांबले, तरी विश्वास निर्माण झाला नव्हता. त्यामुळे नाना फडणीस यांनी १७९० मध्ये कंपनीशी करार केला. परशुरामभाऊ पटवर्धन यांनी धारवाडला प्रदीर्घ वेढा घातला. मे १७९१ मध्ये श्रीरंगपट्टणहून माघार घेणाऱ्या कॉर्नवॉलिसच्या उपासमारीने गांजलेल्या फौजेला परशुरामभाऊ आणि हरिपंत फडके यांच्या छावणीतून रसद मिळाली.

१७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या तहाने टिपूला निम्मे राज्य सोडावे लागले, तीन कोटी तीस लाख रुपयांची खंडणी मान्य करावी लागली आणि दोन पुत्र ओलीस ठेवावे लागले. मराठ्यांची सरहद्द तुंगभद्रेपर्यंत पोहोचली. कागदावर हा निर्विवाद लाभ होता. मात्र दक्षिणेतील सत्तेचा समतोल त्याच वेळी कंपनीच्या बाजूने झुकला. १७९९ च्या अखेरच्या युद्धात पुणे दरबारचे सैन्य प्रत्यक्ष उतरले नाही. परंतु तोवर टिपूला सावरण्याइतके बळ कोणापाशीच उरले नव्हते. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले. पुढे चार वर्षे उलटण्याच्या आत, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह करून कंपनीची तैनाती फौज पत्करली.

दूरच्या मित्राचा भरवसा

टिपूचा हिशेब दुसऱ्या टोकाला चुकला. त्याची दृष्टी खरोखर जागतिक होती. त्याचे वकील ऑटोमन दरबारात गेले आणि ऑगस्ट १७८८ मध्ये फ्रान्सचा राजा सोळावा लुई यालाही भेटले. परंतु पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. १७९८ मध्ये मॉरिशसच्या फ्रेंच गव्हर्नरने टिपूच्या मदतीसाठी स्वयंसेवकांना जाहीर आवाहन केले, तेव्हा मंगळुरूला शंभरही माणसे उतरली नाहीत. युद्धासाठी कारण शोधणाऱ्या कंपनीला मात्र त्या जाहीरनाम्याने ते आयते मिळाले. मदत पदरात पडण्यापूर्वीच तिची घोषणा झाली, आणि ती महाग पडली.

येथे दोन्ही दरबारांत शौर्याची उणीव नव्हती. उणीव होती ती एका प्रश्नाची: विजय मिळालाच, तर त्यानंतर सीमेवर कोण उभे असेल?

अलीकडचे निर्णय

स्वतंत्र भारताच्या धोरणालाही हीच कसोटी लावता येते. २९ जुलै १९८७ च्या करारानंतर शांतिसेना श्रीलंकेत गेली. ज्या तमिळ गटांनी शस्त्रे खाली ठेवावीत अशी अपेक्षा होती, त्यांतील प्रमुख गटाशीच तिला लढावे लागले. मार्च १९९० मध्ये ती परतली, तेव्हा सुमारे १२०० जवानांनी प्राण गमावले होते. साध्य काय आणि बाहेर पडण्याचा मार्ग कोणता, हे आधी ठरलेले नव्हते.

याउलट जुलै २००३ मध्ये, संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसल्याने, भारताने इराकमध्ये सैन्य पाठविण्याची अमेरिकेची विनंती मान्य केली नाही. त्या वेळी काहींना ही संधी गमावल्यासारखी वाटली. पुढील वर्षांत इराकमधील परिस्थिती जशी चिघळत गेली, तसे त्या नकाराचे मोल कळत गेले. कारगिल युद्धातही १९९९ मध्ये हवाई दलाला नियंत्रण रेषा ओलांडण्याची अनुमती नव्हती. त्याची किंमत सैनिकांनी मोजली. पण जागतिक मत भारताच्या बाजूने राहिले आणि शिखरेही परत मिळाली.

संयमावरील आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. प्रतिस्पर्धी त्याचा अर्थ भित्रेपणा असा लावू शकतो. १९६२ मध्ये सीमेवर पुरेशी तयारी नसताना चौक्या पुढे नेण्याचे धोरण अंगाशी आले. म्हणूनच संयमाला सज्जतेची जोड लागते. गलवानमध्ये जून २०२० मध्ये २० भारतीय जवान हुतात्मा झाले. त्यानंतर भारताने सीमेवर सैन्य वाढवले आणि वाटाघाटीही सुरू ठेवल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये गस्तीबाबत समझोता झाला. तो अंतिम तोडगा नाही, तरी बळ आणि धीर एकत्र वापरल्याचे ते उदाहरण आहे.

मे २०२५ च्या कारवाईचे मूल्यमापनही याच मापाने व्हायला हवे. दहशतवादी तळांवर प्रहार हे मर्यादित उद्दिष्ट होते. अण्वस्त्रधारी शेजाऱ्याशी युद्ध लांबले असते, तर त्यापुढे नेमके काय साधले असते, हे कारवाई लांबवण्याची मागणी करणाऱ्यांनी सांगितले पाहिजे. १७९२ मध्ये पुण्यात विजयाचा आनंद रास्तच होता. त्या विजयाचा खरा जमाखर्च मात्र दहा वर्षांनी वसईत मांडला गेला.