मरळ कुणाला द्यायची, ते सांगा

मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य



वैरागच्या बाजारात उजनी जलाशयातली मासळी येते. चिलापी, कटला, रोहू आणि कधीमधी मरळ. मरळ हातातून निसटते म्हणून मासळीवाल्या मावशी ती राखेत घोळून धरतात आणि तुकडे करता करता सांगतात, "अशक्त पोराला हीच द्या, ताकद येते." मी अंगणवाडीत काम करते. तिथल्या आयाही हेच म्हणतात. घरच्यांना चिलापी, मरळ मात्र गरोदर लेकीला आणि आजारातून उठलेल्या लेकराला.

माझी काळजी नेमकी इथे आहे. चिलापी बहुतेक शेवाळावर जगते, मरळ दुसरे मासे गिळून मोठी होते. पाण्यात उतरलेल्या पाऱ्याचं गाळातले जिवाणू मिथाइल मर्क्युरी करतात. ते शेवाळातून किड्यांत, किड्यांतून छोट्या माशांत आणि शेवटी शिकारी माशात साठतं. मासा जितका जुना, तितका साठा जास्त. तो मांसातच मुरलेला असतो. मीठ-हळद चोळून, धुऊन, कडक तळूनही जात नाही. गरोदर बाईने असा मासा खाल्ला तर पारा वारेतून पोटातल्या बाळाच्या मेंदूपर्यंत पोचतो. जपानमधल्या मिनामाटाचा आजार 1956 साली उघड झाला. तिथे स्वतः फारसा त्रास न झालेल्या आयांच्या पोटीही कायमची अधू झालेली मुलं जन्मली.

मिनामाटात कारखान्याने पारा समुद्रात सोडला होता. उजनी म्हणजे मिनामाटा, असं मी म्हणत नाही. पण पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी भीमेतून याच जलाशयात येतं. दगडी कोळसा जळला की पारा हवेत जातो, पावसाबरोबर खाली येतो, आणि आपल्या जिल्ह्यात 1320 मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे. तपासणी मागायला एवढं पुरे. ठाण्याच्या खाडीतला पारा शास्त्रज्ञांनी चाळीसेक वर्षांपूर्वीच मोजला होता, तेव्हा राज्यात हे काम नवं नाही. माशातल्या पाऱ्याला किलोमागे अर्ध्या मिलिग्रॅमची मर्यादा 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांत घातली गेली. 2018 साली देशाने मिनामाटा करारही मंजूर केला.

मासे खाऊ नका, असा फतवा मात्र कृपा करून काढू नका. मटण परवडत नाही त्या घरात चिलापी हाच लेकरांचा आधार आहे, आणि वजन न भरणारी मुलं मी रोज काट्यावर ठेवते. अमेरिकेच्या सरकारी सल्ल्यात चिलापी निर्धोक यादीत आहे. आठवड्यातून दोनदा, दोन वर्षांच्या मुलाला एका वेळी साधारण 28 ग्रॅम, अकराव्या वर्षी 113 ग्रॅम. मोरीसारखे मोठे शिकारी मासे मुलांच्या ताटात नकोत, असंही त्यात स्पष्ट आहे. असा कागद मला मराठीत हवा आहे, आणि त्यात सुरमईसारख्या समुद्री माशांच्या आधी आमच्याकडच्या मरळ, वाम, शिंगाड्याचं नाव हवं.

त्यासाठी उजनी आणि हिंगणीच्या जलाशयांतली मासळी जातवार, लहान-मोठी वेगळी करून तपासा. निकाल फायलीत न ठेवता बाजारात आणि अंगणवाडीच्या भिंतीवर लावा. मावशींचा धंदा बुडू नये म्हणून आधी त्यांना बोलावून समजावा. गिऱ्हाईक त्यांचंच ऐकतं. नमुने घ्यायला माणूस येईल त्या दिवशी मी बाजारात हजर राहीन. कुणाची मरळ कुठल्या पाण्यातली, ते मी विचारून देईन.

आपली,
एक अंगणवाडी सेविका, वैराग, ता. बार्शी, जि. सोलापूर